श्रीमंत देश, गरीब देश आणि कॉलेजातल्या मॅडम

१८३९ साली सिंथिया फरार नगरला राहायला आल्या. न्यू हॅम्पशायरमधल्या या अविवाहित शिक्षिका अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी १८२७ मध्येच मुंबईत उतरल्या होत्या. मध्यंतरी तब्येतीपायी मायदेशी जाऊन त्या परत आल्या, आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नगर सोडून कुठे गेल्या नाहीत. मुलींच्या शाळा काढायच्या, घरोघर फिरून पोरी जमवायच्या, शिकवणाऱ्या बाया तयार करायच्या, हेच त्यांचे आयुष्य झाले.

बाई ज्या अमेरिकेतून आल्या तिथली तेव्हाची स्थिती काय होती? त्या नगरला आल्या त्या वर्षापर्यंत तिथल्या एकाही स्त्रीला पुरुषांच्या बरोबरीची बी.ए.ची पदवी मिळालेली नव्हती. ओबर्लिन कॉलेजने तीन मुलींना ती दिली १८४१ मध्ये. कॉलेजात उभे राहून शिकवणे तर फार लांबची गोष्ट. स्वतःच्या देशात जी बाई कॉलेजात शिकूही शकली नसती, ती नगरच्या गल्ल्यांत पुढच्या शिक्षिका घडवत होती.

जोतीराव फुले यांनी नगरला येऊन फरारबाईंची शाळा पाहिली आणि तिचा आपल्यावर झालेला परिणाम पुढे बोलून दाखवला. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे काही धडे याच नगरच्या संस्थेत घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यातली शाळा सुरू झाली, त्यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. नगर जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये याच विद्यापीठाला जोडलेली. त्यामुळे पाथर्डीच्या किंवा अकोल्याच्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर आज एका शिक्षिकेचे नाव असते. (अकोले म्हणजे अर्थातच नगर जिल्ह्यातले, विदर्भातले नव्हे.)

नाव स्त्रीचे आहे; पण विद्यापीठात शिकवणाऱ्यांत स्त्रिया किती? आणि देश श्रीमंत होत गेला की त्यांची संख्या आपोआप वाढते का? पहिल्या प्रश्नाला आकडे उत्तर देतात. दुसऱ्याचे उत्तर बहुतेकांच्या अंदाजाबाहेरचे आहे.

आकड्यांची उलटापालट

युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये जगभरच्या प्राथमिक शिक्षकांत ६६ टक्के स्त्रिया होत्या, माध्यमिक शिक्षकांत ५४ टक्के आणि उच्च शिक्षणात ४३ टक्के. वर्ग जितका वरचा, तितक्या बाया कमी. भारत या जागतिक सरासरीच्या जवळजवळ नेमक्या रेघेवर उभा आहे. केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे १५ लाख ९८ हजार प्राध्यापक होते आणि त्यांत ४३.४ टक्के, म्हणजे सुमारे ६ लाख ९४ हजार, स्त्रिया. २०१४-१५ मध्ये १०० पुरुष प्राध्यापकांमागे ६३ स्त्रिया होत्या. सात वर्षांत त्या ७७ झाल्या.

सरासरी मात्र बरेच काही पोटात घालते. याच देशात केरळ, पंजाब आणि गोव्यात शिकवणाऱ्यांत स्त्रिया निम्म्याहून अधिक आहेत, तर बिहारमध्ये चौघांत एक भरणेही कठीण. एवढ्यावरून कोणी म्हणेल की समृद्ध राज्यात बाया जास्त, गरीब राज्यात कमी. हिशेब सरळ आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत विद्यापीठांतल्या शिक्षकांत स्त्रिया जेमतेम एक चतुर्थांश आहेत, हेही त्या हिशेबात बसते. जिथे मुलींची शाळाच दहावीच्या आत सुटते तिथे विद्यापीठात शिकवायला त्या येणार कुठून?

पण जगाचा नकाशा पुढे उलगडत गेले की हा हिशेब फिसकटतो. म्यानमार आशियातल्या गरीब देशांपैकी एक, आणि तिथे विद्यापीठात शिकवणाऱ्यांत पाचांत चार स्त्रिया! फिलिपाइन्स आणि कझाकस्तानातही त्या निम्म्याहून जास्त आहेत. उलट जपान आशियातला सगळ्यात आधी श्रीमंत झालेला देश, पण तिथे हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास घोटाळते. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या यादीत जपान तळाशी आहे. बँका आणि घड्याळांच्या स्वित्झर्लंडमध्येही ते एक तृतीयांशाच्या जवळपासच. सौदी अरेबियात मुलींची विद्यापीठे वेगळी काढली, त्यांत शिकवायला बायाच लागल्या, आणि बघता बघता तिथले प्रमाण पाचांत दोनवर गेले. म्हणजे जपानपेक्षा जास्त.

जपानचा हा क्रमांक मराठी वाचकाला जरा जास्तच टोचावा. धोंडो केशव कर्वे यांना महिला विद्यापीठाची कल्पना सुचली ती टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाविषयीची पुस्तिका वाचून. १९१५ च्या सामाजिक परिषदेतल्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी ती मांडली आणि १९१६ मध्ये पुण्यात विद्यापीठ सुरूही केले. तेच आजचे एसएनडीटी. ज्या देशाकडून उदाहरण घेतले तोच देश शंभर वर्षांनी या बाबतीत मागे राहिला. २०१८ मध्ये तर टोकियोच्या एका वैद्यकीय विद्यापीठाने प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण वर्षानुवर्षे मुद्दाम कमी केल्याचे उघड झाले. विद्यार्थिनीच दारात अडवल्या तर पंधरा वर्षांनी प्राध्यापिका दिसणार कशा?

चेल्टनहॅम, अहमदाबाद, केंब्रिज

पुढारलेल्या देशांत स्त्रियांना विद्यापीठांची दारे आधी उघडली आणि मग आपल्याकडे, असा एक समज असतो. एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखातल्या दोन स्त्रियांची कहाणी त्याला सुरुंग लावते.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि १८८४ ते १८८६ या काळात चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकत असतानाच संस्कृत शिकवू लागल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांना वाटले, हिंदुस्थानात जाऊ पाहणाऱ्या तरुण इंग्रजांनाही रमाबाईंनी शिकवावे. बातमी बिशपांच्या कानावर गेली. लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली: एका हिंदी बाईने तरुण पुरुषांना शिकवणे बरे दिसणार नाही, तिच्या देशबांधवांत तिची पत जाईल. रमाबाईंचे उत्तर पत्रव्यवहारात जपलेले आहे. आपल्या आईने पुरुषांना शिकवले तेव्हा वडिलांनी अडवले नाही, आपण शिकवले तेव्हा नवऱ्याने अडवले नाही, मग या लोकांना अडचण काय, असा त्यांचा सवाल होता. मद्रास इलाख्यातल्या गंगामूळच्या रानात अनंतशास्त्री डोंगरे यांनी जे मान्य केले होते ते इंग्लंडात खपेना.

पुढे चारेक वर्षांनी, १८८८ च्या सुमारास, अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात एक विशी ओलांडलेली तरुणी मुलग्यांना इंग्रजी शिकवू लागली. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. परीक्षेत ती अव्वल आली होती, पण इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती मुलगी म्हणून नाकारली गेली. परदेशी शिकायला पाठवणार नाही, पण इथे पुरुषांना शिकवायला चालेल! गरज असली की नियम वाकतात, मानपान आणि पैसा वाटायची वेळ आली की ताठ होतात. स्त्री प्राध्यापकांचा पुढचा इतिहास पाहिला तर हा नमुना पुन्हा पुन्हा भेटतो, आणि देश कुठला याने फारसा फरक पडत नाही.

जर्मनीत एमी न्योटर या थोर गणितज्ञ बाईंना गटिंगेन विद्यापीठात पहिल्या महायुद्धाच्या काळात शिकवावे लागले ते डेव्हिड हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर झालेल्या व्याख्यानांत, तेही बिनपगारी. हार्वर्डने १९१९ मध्ये ॲलिस हॅमिल्टन यांना वैद्यकीय शाखेत घेतले, पण प्राध्यापकांच्या क्लबात पाऊल ठेवायचे नाही आणि पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत चालायचे नाही, अशा अटींवर.

आपल्याकडेही चित्र काही सोज्वळ नव्हते. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटून बसल्या तेव्हा अटींवर प्रवेश मिळाला. तिथून त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. गंमत अशी की खुद्द केंब्रिज तेव्हा स्त्रियांना पूर्ण हक्काची पदवी देत नसे. ती दिली १९४८ पासून. परत आल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि मग मुंबईची विज्ञान संस्था असा सोहोनींचा प्रवास झाला. तिथे संचालकपद मिळायला त्यांना बरीच वाट पाहावी लागली.

याच १९३९ मध्ये इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. बर्लिनची डॉक्टरेट त्यांनी १९३० मध्येच मिळवली होती. मधली काही वर्षे त्या एसएनडीटीत कुलसचिव होत्या. एक योगायोग असा, की ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शेकडो वर्षांच्या इतिहासातली पहिली स्त्री प्रोफेसर, पुरातत्त्वज्ञ डोरोथी गॅरॉड, नेमली गेली तेही १९३९ मध्येच.

कुलगुरूपदाची तुलना तर आणखी बोलकी आहे. लंडन विद्यापीठाच्या कुलगुरूपदी १९४८ मध्ये लिलियन पेन्सन आल्या. ब्रिटनमधल्या त्या पहिल्या. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने हंसा मेहता यांना कुलगुरू केले. ते काही मुलींचे विद्यापीठ नव्हते, सगळ्यांचे होते. केंब्रिजला स्त्री कुलगुरू मिळाल्या १९७५ मध्ये आणि ऑक्सफर्डला २०१६ मध्ये. नव्याने स्वतंत्र झालेल्या, खिशात फारसे काही नसलेल्या देशाने जे १९४९ मध्ये केले, ते करायला ऑक्सफर्डला आणखी ६७ वर्षे लागली.

पाया रुंद, शिखर अरुंद

मग स्त्रियांची संख्या ठरवते तरी कोण? देशाच्या तिजोरीपेक्षा तीन साध्या गोष्टी जास्त ठरवतात: पगार, कायम नोकरी मिळण्याचे वय आणि पद वाटणाऱ्यांच्या खुर्च्यांवर कोण बसले आहे.

आधी पगार. म्यानमारमध्ये विद्यापीठातला पगार इतका तुटपुंजा राहिला की घरचा कर्ता म्हणवणारा पुरुष तिकडे फिरकेनासा झाला. प्रतिष्ठा होती, पैसा नव्हता, आणि ती जागा शिकलेल्या स्त्रियांनी भरली. पूर्व युरोपातही थोडेफार असेच झाले. युरोपीय संघाच्या २०१८ च्या आकड्यांत सर्वोच्च श्रेणीच्या प्रोफेसरांत स्त्रिया सरासरी २६ टक्के होत्या. जर्मनीत साधारण पाचांत एक. आणि रुमानियात, संघातल्या गरीब सभासदांपैकी एकात, निम्म्याहून थोड्या जास्त! समाजवादी राजवटीत बायकांनी नोकरी करणे गृहीत होते, सरकारी पाळणाघरे होती, आणि राजवट कोसळल्यावर पुरुष जास्त पैशाच्या धंद्यांकडे गेले. तेव्हा निम्म्या खुर्च्या स्त्रियांच्या आहेत हे ऐकून लगेच टाळ्या वाजवू नयेत. त्या खुर्च्यांची किंमत उतरली होती का, हेही विचारावे.

दुसरे वय. जर्मनी किंवा स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरेटनंतर आणखी एक मोठा प्रबंध, मग वर्षा-दोन वर्षांच्या कंत्राटी नेमणुका, आणि चाळिशीला टेकता टेकता कायम जागा. त्यात तिथल्या शाळा वर्षानुवर्षे दुपारीच सुटत, आणि दुपारनंतर मूल सांभाळायचे ते आईने. पीएच.डी. आणि पाळणा एकाच वयात येतात, हे जगभरचे दुखणे आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत स्त्रियांना पीएच.डी. पूर्ण करायला दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंतची प्रसूती किंवा बालसंगोपन रजा दिली. इथे एक गमतीचा फरक दिसतो. संगमनेरच्या अनुदानित कॉलेजातल्या कायम प्राध्यापिकेला १८० दिवसांची भरपगारी प्रसूती रजा आहे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाचा, अमेरिकेचा, केंद्रीय कायदा बाळंतिणीला देतो १२ आठवडे, तेही बिनपगारी.

तिसरी गोष्ट अधिकार. केनियाच्या वांगारी माथाई यांनी १९७१ मध्ये पीएच.डी. मिळवली, पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या त्या पहिल्या स्त्री. नैरोबी विद्यापीठात त्या विभागप्रमुखही झाल्या. पण विवाहित स्त्री प्राध्यापकाला नवरा आहेच, मग घर आणि इतर सवलती तिला वेगळ्या कशाला, असा तिथला खाक्या होता. माथाई त्याविरुद्ध भांडल्या. त्यांना पुढे २००४ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक मिळाले ते झाडे लावण्याच्या चळवळीसाठी. विद्यापीठातल्या त्या भांडणाची आठवण फार थोड्यांना असते.

भारतात शिखराचे चित्र असे: एकूण प्राध्यापकवर्गात स्त्रिया ४३ टक्के असल्या तरी प्रोफेसर या पदावर त्या दहांत जेमतेम तीन. असिस्टंट प्रोफेसरच्या पायरीवर गर्दी, वर विरळ. आणि विद्यार्थिनी? २०२१-२२ मध्ये देशातल्या ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या, जवळपास निम्म्या. म्हणजे बाकावर अर्ध्या, फळ्यापाशी अर्ध्याहून थोड्या कमी आणि मोठ्या खुर्चीत तिसरा हिस्साही नाही.

एकाच जिल्ह्यात दोन देश

श्रीमंत-गरीब ही विभागणी पाहायला परदेशी जायची गरज नाही. नगर जिल्हा पुरेसा आहे. सतरा हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा हा जिल्हा. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे कालवे, ऊस, साखर कारखाने. दक्षिणेला कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेरचा अवर्षणाचा पट्टा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातली स्त्री-साक्षरता ७१ टक्क्यांच्या जवळ होती आणि पुरुषांची ८७ च्या.

जिल्ह्यात कॉलेजचे शिक्षण रुजले ते स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले तेव्हापासून. साठच्या दशकात कॉलेजे तालुक्यांत पोहोचली: श्रीरामपूरला रयत शिक्षण संस्थेचे बोरावके कॉलेज, संगमनेरला नगरपालिकेने उभे केलेले संगमनेर कॉलेज, कर्जतला दादा पाटील महाविद्यालय, कोपरगावला सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय. राहुरीला १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ आले. रयतने पुढे नगर शहरात मुलींसाठी राधाबाई काळे महिला महाविद्यालयही काढले. घरची मंडळी मुलीला मिश्र कॉलेजात धाडायला तयार नसतील तर ती निदान तिथे तरी जाईल, आणि तिथे शिकवायला बाईंची नेमणूक करताना कोणी नाक मुरडणार नाही, हा महिला महाविद्यालयांचा दुहेरी उपयोग जगभर दिसतो.

१९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर आणि कोपरगाव या तिन्ही कारखानदारीच्या ठिकाणी इंजिनिअरिंग कॉलेजे उभी राहिली. जिल्ह्यातल्या मुली तिथे इंजिनिअर झाल्या, त्यातल्या काही तिथेच शिकवू लागल्या. बरोबरीच्या मुलग्याला पुण्याची कंपनी खुणावते. लग्न होऊन गावात राहिलेल्या इंजिनिअर बाईला घराजवळची कॉलेजची नोकरी सोयीची पडते, पगार कंपनीपेक्षा कमी असला तरी. रुमानिया आणि लोणीचा राहाता तालुका यांच्यात अंतर वाटते तेवढे नाही.

स्टाफरूममध्ये गेले की खरी दरी दिसते. एकाच टेबलाशी दोन मॅडम बसलेल्या असतात. दोघींकडे एम.ए., नेट किंवा सेट, कधी पीएच.डी.ही. एक कायम, वेतन आयोगाच्या पगारावर, रजा-पेन्शनसह. दुसरी तासिका तत्त्वावर, म्हणजे सी.एच.बी.वर: जितके तास घ्याल तितके पैसे, सुट्टी लागली की कमाई बंद, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. राज्यात प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे रखडत गेली आणि ही दुसरी रांग लांबत गेली. तिच्यात पुरुषही पुष्कळ आहेत आणि त्यांची होरपळही खरी आहे. पण तासिकेवरच्या मॅडमला दिवस गेले तर तिचा तास दुसऱ्या कोणाला जातो. १८० दिवसांची ती रजा शेजारच्या खुर्चीची. सर्वेक्षणाच्या एकूण आकड्यात कधी दोघीही सारख्याच ‘स्त्री शिक्षक’ म्हणून मोजल्या जातात.

कायम झालेल्यांचीही वाट सपाट नसते. पदोन्नतीसाठी, म्हणजे बोलीभाषेतल्या कॅससाठी, ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स करावे लागत: पहिला चार आठवड्यांचा, दुसरा तीन. दुसऱ्या शहरात जाऊन हॉस्टेलवर राहायचे. घरी दोन वर्षांचे मूल आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असताना किती जणींना ते जमेल? वर्ष पुढे ढकलले की बढतीही पुढे. कोरोनाच्या काळात हे कोर्स ऑनलाइन झाले, ही त्या आपत्तीने केलेली एक बारीकशी सोय. नगरहून कर्जत-जामखेडला रोज अपडाऊन करणाऱ्या मॅडमना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट लागते, तीही एक. समानतेवरच्या चर्चासत्रांत अशा गोष्टींचा विषय निघत नाही. पण नोकरी टिकते ती बरेचदा अशाच गोष्टींवर.

जामखेडच्या वर्गात

उच्च शिक्षणात कोणी शिकवायचे, या प्रश्नाला नगर जिल्ह्यानेच एक वेगळे उत्तर दिले आहे, आणि ते आले जिल्ह्यातल्या सर्वांत कोरड्या कोपऱ्यांपैकी एकातून. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले जोडपे १९७० मध्ये जामखेडला आले. डॉक्टर गावात टिकत नाहीत, नर्सही टिकत नाहीत, हे पाहून त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. पुष्कळशा दलित समाजातल्या, पुष्कळशा निरक्षर. आठवड्याला एकदा जामखेडला यायचे, एकेक विषय शिकायचा, गावी जाऊन करून बघायचा, पुढच्या आठवड्यात सांगायचा. हळूहळू या बायांच्या गावांत बालमृत्यू घटले, बाळंतपणे सुरक्षित झाली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे या कामाचे प्रशिक्षण केंद्र झाले आणि देशोदेशींचे डॉक्टर, वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी तिथे शिकायला येऊ लागले. त्यांना शिकवतात कोण? डॉक्टर तर आहेतच, पण गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या बायाही. अतिसार झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी द्यायला आईला कसे पटवायचे, अंधश्रद्धेला न दुखवता कसे हटवायचे, गावातल्या पुढाऱ्याला कसे वळवायचे, हे मॅडम नसलेल्या या बाया श्रीमंत देशांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवत आल्या आहेत. दुभाषा लागतो, पण गुरू कोण आणि शिष्य कोण याबद्दल त्या वर्गात कोणाच्या मनात शंका नसते. असे असूनही कुठल्याही देशाच्या आकडेवारीत त्या ‘उच्च शिक्षणातल्या स्त्री शिक्षक’ म्हणून सापडणार नाहीत. ज्ञानाची वाट श्रीमंतांकडून गरिबांकडे, शहरातून खेड्यात, एवढ्या एकाच दिशेने जाते असे धरून बनवलेल्या तक्त्यात त्यांना रकानाच नाही.

खुर्चीवर बसल्यावर

स्त्री वरच्या खुर्चीवर गेली तर काय बदलते? याचेही एक उदाहरण नगरशी जोडलेले आहे. डॉ. स्नेहलता देशमुख यांचा जन्म १९३८ मध्ये नगरचा. बालशल्यचिकित्सक म्हणून त्यांनी नाव कमावले, मुंबईच्या शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या आणि १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. त्यांच्या आधी मेहरू बेंगाली त्या खुर्चीवर बसून गेल्या होत्या. त्याहीपूर्वी, १९८१ मध्ये, माधुरी शहा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या होत्या. देशमुखांच्या कारकिर्दीतली सर्वांत लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे विद्यार्थ्याच्या पदवी प्रमाणपत्रावर आईचे नाव घालण्याचा निर्णय. तोवरच्या कुलगुरूंना ते सुचू नये असा कुठला नियम नव्हता. सुचले मात्र त्यांना. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

एका निर्णयावरून सगळ्या स्त्री-कुलगुरूंचे मोजमाप करणे बरोबर नाही. बाई खुर्चीवर आली म्हणून तासिकेवरच्या मॅडमचा पगार वाढला, असेही कुठे झालेले नाही. पण निवड समितीत, प्राचार्यपदी, संस्थेच्या कार्यकारिणीत एखादी तरी बाई असेल तर कोर्स लांबवायचा की ऑनलाइन घ्यायचा, रजेवर गेलेलीचा वर्ग कोणी सांभाळायचा, असल्या प्रश्नांना निदान तोंड फुटते. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक मोठ्या संस्था साखर कारखान्यांच्या, समाजांच्या आणि घराण्यांच्या हातात आहेत. त्यांच्या बैठकीत बसणाऱ्यांची यादी कोणीही मागवून पाहावी.

तेव्हा पुढच्या वेळी एखादे कॉलेज ‘आमच्याकडे निम्म्या प्राध्यापिका आहेत’ असे अभिमानाने सांगेल, तेव्हा वाचकाने चार प्रश्न जरूर विचारावेत. त्यातल्या कायम किती आणि तासिकेवर किती? प्रोफेसर पदापर्यंत किती पोहोचल्या? गेल्या पाच वर्षांत प्रसूती रजा घेतलेल्यांपैकी किती जणी परत आल्या? आणि संस्थेच्या कार्यकारिणीत स्त्रिया किती? हेच प्रश्न टोकियोला लागू पडतात, झुरिचला आणि नैरोबीलाही. शिकवणाऱ्यांची पदनिहाय आणि स्त्री-पुरुषनिहाय माहिती प्रत्येक महाविद्यालयाला दरवर्षी केंद्राच्या सर्वेक्षणासाठी भरून द्यायची असते. निम्मी उत्तरे कॉलेजच्या कार्यालयात तयार असतात. उरलेली मागायची आहेत.